विमानाच्या इंजिनातला रेशमाचा धागा

शिरूर कासारहून आम्ही बाया बोलतोय. याआधी आम्ही तुमच्याशी तुतीच्या छाटणीवर बोललो, शेडच्या निर्जंतुकीकरणावर बोललो. आज इंजिनावर बोलणार आहोत. थांबा, रेडिओ बंद करू नका. इंजिन म्हटलं की गडीमाणसांचं काम, असं आम्हालाही वाटत होतं. आमच्यातल्या एकीनं तर बोलायलाच नकार दिला होता. "लोक हसतील," म्हणाली. हसू द्या.

आमच्या गटात अकराजणी. कुणाची अर्धा एकर तुती, कुणाची एकर. सिंदफणेच्या काठाला पाणी असलं तरी ते किती दिवस असेल सांगता येत नाही, आणि कापसाचं तर तुम्हाला माहीत आहेच. म्हणून रेशमाकडं वळलो. आमच्या जिल्ह्यात आता रेशमाचं चांगलं चाललंय. पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरपर्यंत जावं लागायचं, आता जालन्याला, बीडला बाजार आहे. ज्या घरातली माणसं दर दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाला जायची, त्यातली काही घरं तुतीमुळं गावात राहिली. त्यामुळं आमच्यासाठी एक बॅच म्हणजे नुसती एक बॅच नसते.

ज्यांच्याकडं अळ्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेशमाची अळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या अवस्थेत येते. ही अवस्था सात-आठ दिवसांची. पण आयुष्यभरात अळी जेवढा पाला खाते, त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त या सात-आठ दिवसांत खाते. रात्री शेडमध्ये उभं राहिलं की बाहेर भुरभुर पाऊस लागलाय असा आवाज येतो. तो अळ्यांच्या खाण्याचा. त्या दिवसांत पाला कमी पडला तर कोष हलका होतो, आणि हलक्या कोषाला भाव नाही. मग केलेल्या सगळ्या कष्टांवर पाणी.

म्हणून गटानं बचतीतून एक ब्रश कटर घेतला होता. पाठीवर अडकवायचा, पुढं गोल पातं, पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळून चालणारा. तुतीच्या फांद्या खसाखस कापतो. विळ्यानं दोघीजणींना दोन तास लागायचे ते काम अर्ध्या तासात. पाळीपाळीनं सगळ्याजणी वापरायचो, वहीत नोंद करायचो.

गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या बॅचला तो रुसायला लागला. रेस सोडली तरी इंजिन आपोआप चढायचं, चढून मग दम टाकायचं. हात लावावा तर चटका. आम्ही तो एका दुकानात दुरुस्तीला दिला. कुठलं दुकान ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. दोन दिवसांनी मशीन परत आलं, चालू झालं, पैसे दिले. चौथ्या दिवशी पाचव्या अवस्थेच्या ऐन भरात ते तुतीत जागच्या जागी गच्च झालं. दोरी ओढली तर हलेना. पिस्टन जाम.

त्या रात्री आम्ही सगळ्याजणी विळे घेऊन तुतीत उतरलो. बॅटरीच्या उजेडात फांद्या कापल्या. एकीच्या अंगठ्याला विळा लागला, चार टाके पडले. तरी पाला वेळेवर पुरला नाही. दोघींच्या शेडमधले कोष हलके निघाले. ज्या पैशांतून एकीच्या मुलीची फी जायची होती, ते पैसे आलेच नाहीत. आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ त्या मुलीत आहे.

आमच्या गटातल्या या ताईंची लेक पुण्याकडं विमान दुरुस्तीचं शिक्षण घेते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेतलं होतं, मार्क चांगले पडले. नर्सिंगला जाईल असं घरच्यांना वाटत होतं. तिनं हे निवडलं. विमान उडवायचं नाही, विमान दुरुस्त करायचं. हे शिकून पुढं अनुभव घेतला, परीक्षा दिल्या की सरकारचं, म्हणजे डीजीसीएचं लायसन्स मिळतं. त्या लायसन्सवाल्यानं सही केल्याशिवाय विमान उडत नाही. वैमानिक कितीही मोठा असो, सही हवीच. पिस्टन इंजिनाच्या विमानांचं लायसन्स वेगळं, जेट इंजिनांचं वेगळं.

तर ती दिवाळीला घरी आली. कटर कोपऱ्यात धूळ खात पडला होता. तिनं तो ओसरीवर आणला, इंजिनाच्या मधल्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाली, "काकू, इथं कुणी पेचकस घातला?"

आम्हाला काय माहीत! आम्ही फक्त पैसे दिले होते.

मग तिनं दाखवलं. इंजिनाच्या खालच्या भागाला क्रँककेस म्हणतात. ते एका तुकड्याचं नसतं, दोन अर्धुकं असतात. भुईमुगाची शेंग कशी शिवणीवर उकलते, तसं. शेंगेत दाणे, इथं क्रँकशाफ्ट. पिस्टन वरखाली होतो आणि क्रँकशाफ्ट ते गोल फिरवतो. त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, एक डाव्या अर्धुकात, एक उजव्या. दोन्ही अर्धुकं जोडताना मध्ये कागदी पॅकिंग. आता इंजिन आतून दुरुस्त करायचं तर ही शेंग उकलावी लागते. आणि जोड घट्ट बसलेला असला की घाईत माणूस काय करतो? फटीत पेचकस घालतो आणि वर हातोडी मारतो. नारळ फोडल्यासारखं उघडतं लगेच. पण ॲल्युमिनिअम मऊ असतं. पेचकसाचा खड्डा पडतो, कडेला ओरखडा राहतो. पुन्हा जोडलं की त्या ओरखड्यातून हवा आत जाते.

"थोडी हवा गेली तर काय बिघडलं?" आम्ही विचारलं.

त्याचं उत्तर आम्हाला फार उपयोगी पडलं, म्हणून नीट ऐका. टूटी ऑइलवर चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल आधी या क्रँककेसमध्येच येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे ही पेटी नुसती पेटी नाही, पंपच आहे. जोडातून बाहेरची हवा शिरली की पेट्रोल पातळ होतं. आणि अशा इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. इंजिन तापतं, कोरडं पडतं आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. रेस सोडली तरी इंजिन चढतं, ही त्याची पहिली खूण. आमच्या मशीननं ती खूण आधीपासून दिली होती. बहुतेक ऑइल सील गेलं होतं. दुकानात सील बदललं असेलही, पण उघडताना जोड घालवला आणि वरून नुसता मसाला फासला. तुमच्याकडं फवारणीचा पेट्रोल पंप असेल, कटर असेल, आणि रेस सोडूनही ते ओरडत राहिलं, तर तिथंच बंद करा. आजचं काम उरकू द्या म्हणू नका. आम्ही तेच म्हणालो होतो.

एवढं ऐकून आमच्यातली सगळ्यात वयस्कर जी, तिनं त्या पोरीला विचारलं, "मग विमानाचं इंजिन तुम्ही कसं उघडता गं? तिथं पण पेचकसच?" पोर हसली. "आजी, बघायलाच या."

आणि आम्ही गेलो. सातजणी. एसटीनं पाथर्डी, नगर करत पुण्याला. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून असं जाणं परवडतं. तिच्या कॉलेजातल्या सरांनी परवानगी दिली होती. त्या दिवशी पोरांचं प्रॅक्टिकल होतं: जुनं इंजिन पूर्ण खोलायचं.

इंजिन लायकमिंग कंपनीचं, सेस्ना 152 नावाच्या दोन सीटांच्या विमानातलं. नवीन वैमानिक अशाच छोट्या विमानांवर शिकतात. आपल्याकडं बारामतीला, धुळ्याला असं शिक्षण चालतं. इंजिन बघून आम्ही आधी निराशच झालो. एवढंसं! चार सिलिंडर, दोन इकडं, दोन तिकडं, आडवे झोपलेले. पण ताकद 110 अश्वशक्तीच्या आसपास. गावातल्या ट्रॅक्टरची साधारण 45 असते. आणि सगळं हवेवर थंड होणारं, रेडिएटर नाही.

सरांनी सांगितलं, विमानाच्या इंजिनाचा हिशोब किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. या इंजिनाला कंपनीनं 2400 तास दिलेत. तेवढे तास भरले, किंवा तास न भरताही बारा वर्षं झाली, की कंपनी म्हणते इंजिन पूर्ण खोला, एकेक भाग तपासा. इंजिन चांगलं चाललंय, आवाज करत नाही, तरी खोला. आम्हाला हे पटायला वेळ लागला. आपल्याकडं चालतंय तोवर कोण हात लावतं? पण रस्त्यावर गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते. वर बंद पडलं तर बाजू कुठली!

पोरांनी आदल्या दिवशीच पंखा, कार्बोरेटर, मॅग्नेटो, मागची पेटी, खालची ऑइलची टाकी आणि चारही सिलिंडर काढून ठेवले होते. उरलं होतं ते क्रँककेस, पंख्याकडचं तोंड खाली करून स्टँडवर उभं केलेलं. एका पुठ्ठ्यावर इंजिनाचा आकार काढलेला, आणि जिथला बोल्ट त्या जागी पुठ्ठ्याला भोक पाडून तिथंच खोचलेला. ही युक्ती आम्ही लगेच उचलली. शिलाई मशीन खोलतानाही कामाला येते.

मग आमच्या लेकीची पाळी आली. मुलं सहा, मुली दोन, त्यात ही एक. तिची आई आमच्यात बसली होती, पदराचं टोक हातात धरून.

आधी शिवणीवरचे सगळे छोटे नट काढले. मग मोठे आरपार बोल्ट. हे बोल्ट दोन्ही अर्धुकांतून आरपार जातात आणि बेअरिंगच्या दोन्ही बाजूंनी इंजिन आवळून धरतात. ते भोकात इतके घट्ट असतात की हातानं येत नाहीत. त्यावर मऊ धातूचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत बाहेर काढायचे, आटे खराब होऊ न देता. हे सगळं झालं आणि आता शेंग उकलायची वेळ आली. लेकीनं रबरी हातोडीनं कडेकडेनं टकटक केलं. एकदा वर, एकदा खाली, एकदा मध्ये. हललं नाही. पुन्हा टकटक. हललं नाही. एका मुलाला धीर धरवेना, तो म्हणाला, जोरात मार. सर काही बोलले नाहीत.

तिनं हातोडी खाली ठेवली. पुठ्ठ्याकडं गेली आणि बोल्ट मोजायला लागली. एक भोक रिकामं होतं. एक छोटा नट आत, अवघड जागी, काळ्या तेलात लपून तसाच राहिला होता. जोरात मारलं असतं तर त्या जागी अर्धुकाला तडा गेला असता. सर म्हणाले, दरवर्षी कुणीतरी हा नट विसरतं, आणि ते मुद्दाम सांगत नाहीत. तिच्या आईनं पदराचं टोक सोडलं.

नट निघाल्यावर पुन्हा टकटक. या वेळी शिवण केसाएवढी उघडली. आता सगळ्यात जपायचं. दोन्ही टोकं सारखी उघडत न्यायची. एकच टोक वर आलं तर अर्धुक तिरकं होऊन अडकतं. फटीत काहीही घालायचं नाही. पेचकस नाही, छिन्नी नाही, सुरीही नाही. काही ठिकाणी त्यासाठी वेगळं ओढायचं साधन मिळतं, ते ठरलेल्या जागी लावतात. दुसऱ्या दोघांनी आत हात घालून कॅमशाफ्ट आणि टॅपेट धरून ठेवले, कारण अर्धुक सुटलं की ते सटकन खाली पडतात. टॅपेटचं तोंड आरशासारखं असतं, पडलं की गेलं. मग एक अर्धुक अलगद बाजूला आलं आणि आत क्रँकशाफ्ट दिसला. तेलानं चमकणारा, दांड्यांसकट. आमच्यातली एक म्हणाली, "बाई गं, बाळंतपणच झालं जणू." सर पण हसले.

दोन्ही अर्धुकांवर एकच नंबर कोरलेला होता. ती जोडी कारखान्यात एकत्र जोडून मगच आतलं गोल भोक पाडलेलं असतं. म्हणजे बेअरिंगची बैठक अर्धी इकडं, अर्धी तिकडं, आणि दोन्ही मिळून गोल. त्यामुळं एक अर्धुक खराब झालं म्हणून दुसऱ्या कुठल्या इंजिनाचं आणून लावता येत नाही. जोडी ती जोडी.

मग तपासणी. जोडाच्या कडेवर बोल्टजवळ कुठं घासल्यासारखे, टोचल्यासारखे डाग आहेत का ते बघायचं. डाग असले तर बोल्ट सैल होते आणि दोन्ही अर्धुकं एकमेकांवर हलत होती असं समजायचं. डोळ्यांना दिसत नाही एवढं हलणं, पण हजारो तासांत धातू खाऊन टाकतं. तडा शोधायला लाल रंगाचं पातळ औषध लावतात, पुसतात, वरून पांढरी पावडर मारतात. तडा असला तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कुंकवाच्या काडीनं ओढल्यासारखी. आमच्यासमोर एका जुन्या टाकाऊ अर्धुकावर करून दाखवलं. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. जोडताना आम्ही विचारलं, पॅकिंग कुठंय? आमच्या कटरला कागदी पॅकिंग होतं, मग विमानाला तर चांगलं जाड असेल! सर म्हणाले, पॅकिंग चालत नाही. बैठक दोन अर्धुकांत मिळून गोल होते ना? मध्ये कागदाची जाडी घातली की ते भोक गोल राहत नाही, लांबट होतं. बेअरिंगला तेवढाही फरक सोसत नाही. मग तेल गळू नये म्हणून काय करतात? कडेवर न सुकणारा पातळ मसाला लावतात, आणि त्यावर एक धागा अंथरतात.

सरांनी कपाटातून रीळ काढलं. रेशमाचं.

मैत्रिणींनो, आम्ही सातजणी गप्पच झालो. मग सगळ्या एकदम बोलायला लागलो. सरांना कळेना काय झालं. लेकीनं त्यांना सांगितलं की या सगळ्या रेशीमवाल्या आहेत. मग ते रीळ आमच्या हातोहात फिरलं. खरंच रेशीम. बारीक, एकसारखं. बोल्ट आवळले की ते दबून सपाट होतं, जोडाची जाडी वाढवत नाही, आणि तेलाला आडवं पडून राहतं. एवढं बारीक असून एवढं बळकट दुसरं काय असतं? आपल्या एका कोषातून सुमारे हजार मीटर सलग तार निघते, हे आपण प्रशिक्षणात ऐकतो आणि विसरतो. आता काही इंजिनांना कंपन्यांनी नवीन प्रकारचे मसालेही चालवलेत, पण रेशमाचा धागा अजून गेलेला नाही.

धागा लावायलाही रीत आहे. एकाच अर्धुकावर लावायचा. बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं कडेकडेनं न्यायचा. गाठ मारायची नाही. धाग्यावर धागा येऊ द्यायचा नाही. बेअरिंगच्या बैठकीवर तर जाऊच द्यायचा नाही. मुलांचे हात थरथरत होते, धागा मसाल्यात चिकटून वाकडा होत होता. आमच्यातल्या दोघीजणी न राहवून पुढं झाल्या. साडीला पिको, फॉल करणारी ती एक, आणि चंद्रिकेवरून कोष सोडवण्यात जिचा हात कुणी धरत नाही ती दुसरी. एका दमात सरळ रेघ आली. हे सरावाचं इंजिन होतं म्हणून सरांनी करू दिलं. उडणाऱ्या विमानाला आमचा हात कुणी लावू देणार नाही आणि देऊही नये.

जोडल्यावर बोल्ट आवळायचा क्रमसुद्धा पुस्तकात ठरलेला असतो, आणि किती आवळायचा तेही. त्यासाठी टॉर्क पाना असतो, ठरलेला जोर आला की तो कट्कन सांगतो. आपल्यासारखं जीव खाऊन आवळायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. 1903 साली राइट बंधूंचं विमान उडालं, त्याच्या पंखांवर सुती मलमल ताणून बसवलेली होती. आम्ही म्हटलं, बघा, कापूसवालेपण आलेच यात! आपल्याकडं जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. आणि अलीकडं अमोल यादव नावाच्या आपल्या मराठी वैमानिकानं कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटांचं विमान बांधलं, ते 2016 साली मुंबईत लोकांना बघायला ठेवलं होतं. पण आमच्या डोक्यात बसली ती बिॲट्रिस शिलिंग. इंग्लंडची इंजिनिअर बाई. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या लढाऊ विमानांचं इंजिन नाक खाली घातलं की पेट्रोलच्या गडबडीनं गचके खायचं. या बाईनं 1941 साली पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक छोटीशी भोकाची चकती शोधून काढली आणि विमानतळा-विमानतळावर जाऊन ती बसवली. मोटारसायकलच्या शर्यतीत पण धावायची म्हणे. आमच्या लेकीनं वहीच्या पहिल्या पानावर तिचा फोटो चिकटवलाय.

परत आल्यावर कटर. लेकीनं सुट्टीत ओसरीवर पोतं अंथरून तो खोलला आणि आम्हाला दोघी-दोघींना हाताशी घेतलं. जोडावर खड्डा होता, म्हणून क्रँककेसची दोन्ही अर्धुकं नवीन आणावी लागली. एकच मिळेल का म्हणून आम्ही विचारून बघितलं, तर तिनं नुसतं आमच्याकडं बघितलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील, पॅकिंग. बेअरिंग बसवताना तिनं केलेलं बघून आमच्या आजी म्हणाल्या, ही तर लोहाराची विद्या. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी तापवून चढवतात, थंड झाली की आवळून बसते? तसंच. बेअरिंग रात्रभर शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी अर्धुक उकळत्या पाण्यात गरम केलं, पुसून कोरडं केलं, आणि बेअरिंग हातानं टुपकन आत बसलं. ठोकावं लागलं नाही. एक मात्र सांगते म्हणाली, पेट्रोलनं धुतलेला भाग चुलीजवळ, गॅसजवळ अजिबात न्यायचा नाही. आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग गरम पाणी.

जोडल्यावर आत जायच्या-यायच्या वाटा रबरानं बंद केल्या, सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरली आणि जोडावर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा आला नाही. तो कटर आज तागायत चालू आहे. रेस सोडली की शहाण्यासारखा खाली येतो.

राहिली फीची गोष्ट. हलक्या कोषांमुळं तिच्या आईकडं दुसऱ्या वर्षाची फी नव्हती. तिचे वडील म्हणत होते, दोन वर्षं झाली, आता स्थळं येतायत, पुरे. गटाच्या बैठकीत आईनं कर्ज मागितलं. सोपं नव्हतं ते. रक्कम आमच्या एरवीच्या कर्जाच्या तिप्पट होती. एक म्हणाली, पोरगी लग्न करून गेली तर पैसे कुणाकडं मागायचे? दुसरी म्हणाली, माझ्या पोराला कर्ज दिलं नव्हतं तेव्हा. तीही खरंच बोलत होती. त्या दिवशी निर्णय झाला नाही, दोघी रागानं उठून गेल्या.

पुढच्या बैठकीत ठरलं ते असं: कर्ज मुलीच्या नावावर नाही, आईच्या कोषांवर. दर बॅचच्या पैशांतून ठरलेला हप्ता, आणि जिच्या पोराला आधी नाकारलं होतं तिला पुढचा नंबर. मुलीच्या वडिलांना समजवायला आम्ही पाचजणी गेलो. त्यांना फार काही बोललो नाही. फक्त कटर सुरू करून दाखवला. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. मग म्हणाले, "हिनं खोलला?" लग्नाचं बोलणं सध्या थांबलंय. कायमचं थांबलंय असं आम्ही म्हणणार नाही.

तीन हप्ते आलेत. एक चुकला, उझी माशीनं बॅच खाल्ली त्या वेळेला. तो आम्ही पुढं ढकलला.

परवा तिचा फोन आला. आम्ही तिला विचारलं होतं की आपल्या गटाच्या कोषांचा धागा काढून त्या इंजिनाला लावता येईल का. ती म्हणाली, "नाही हो काकू, पुस्तकात लिहिलंय त्याच प्रतीचा लागतो. दुसरा लावला तर सही करता येत नाही." आम्हाला थोडं वाईट वाटलं. पण सही कुणाची आहे ते आमच्या लक्षात आलं.

चला, आज आमच्याकडं अळ्या पाचव्या अवस्थेत आहेत, संध्याकाळचा पाला घालायचाय. नमस्कार.